आईबाबांना इंग्लंडमधलं अस्सल रान दाखवायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: एप्रिलच्या उत्तरार्धात आईबाबा पुण्याहून तुमच्याकडे केंब्रिजला येताहेत, तीन आठवडे राहणार आहेत. दोघांनाही जंगलाची ओढ आहे, ताडोबा आणि भीमाशंकर त्यांनी मनापासून पाहिलं आहे. इथलं अस्सल, देशी झाडांचं रान पाहायला त्यांना कुठे न्यावं, आणि ते त्यांना फिकं तर वाटणार नाही ना?

माझं उत्तर: ब्रॅडफील्ड वुड्स. पूर्व इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स या गावाच्या आग्नेयेला. केंब्रिजहून गाडीने सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येईल. फिकं वाटणं न वाटणं मात्र तुम्ही आधी काय सांगून नेता यावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकारमान आणि दरारा शोधायला गेलात तर निराश व्हाल. वाघ-बिबटे नाहीत, अस्वल कित्येक शतकांपूर्वी संपलं, झाडांची उंची भीमाशंकरच्या तुलनेत डोळ्यांत भरणारी नाही. इथे पाहायचं आहे ते वेगळंच: माणसाने साडेसातशे वर्षांहून जास्त काळ सतत तोडलेलं आणि त्या तोडीमुळेच जिवंत राहिलेलं रान. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ब्रॅडफील्डमधली तोड १२५२ सालापासून चालू असल्याची नोंद आहे. तेव्हा हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं. मठ १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बरखास्त झाला, त्याचे अवशेष आजही गावात बागेत उभे आहेत. रान मात्र अजून तसंच कापलं जातं आणि तसंच फुटतं.

या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. हिवाळ्यात, झाडावर पान नसताना, हेझल, ॲश, मेपल अशी झाडं अगदी जमिनीलगत कापतात. खुंट जिवंत राहतो, मुळांत अन्न साठलेलं असतंच, आणि वसंत आला की त्यातून दहा-वीस सरळसोट धुमारे फुटतात. हेझल साधारण सात ते दहा वर्षांनी पुन्हा कापायला येतो, ॲशला वीस-पंचवीस वर्षं देतात. मधूनमधून काही ओक न तोडता मोठे होऊ देतात, त्यांच्या तुळया घरांना लागायच्या. हेझलच्या काठ्या कुंपणांना, कुडाच्या भिंतींना, गवती छपरं शाकारायला, उरलेलं जळणाला. ब्रॅडफील्डच्या लाकडावर शेजारच्या लिटल वेल्नेथम गावात शेतीची दाताळी बनवणारा कारखाना विसाव्या शतकातही चालत होता.

आईबाबांना हे समजवायला फार वेळ लागणार नाही. मावळात किंवा कोकणात त्यांनी भाताच्या राबासाठी फांद्या छाटलेले ऐन पाहिले असतील. दरवर्षी छाटूनही ऐन उभा असतो, फक्त त्याचा आकार बदललेला असतो. इथे छाटणी फांदीची नसून थेट बुंध्याची, एवढाच काय तो फरक.

आता विचार करा, हाच खुंट शंभर वेळा कापला गेला तर काय होईल? तो उंच वाढत नाही, आडवा पसरत जातो. मधला भाग कुजून नाहीसा होतो आणि कडेला झाडांचं कडं उरतं. एरवी हेझल सत्तर-ऐंशी वर्षांत म्हातारा होऊन मरतो, कापत राहिलात तर कित्येक शतकं जगतो. ब्रॅडफील्डमधल्या एका ॲशच्या खुंटाचा व्यास अठरा फुटांच्या आसपास आहे आणि त्याचं वय हजाराच्या घरात धरतात. ही गणितं मांडली केंब्रिजच्या ऑलिव्हर रॅकहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने (१९३९–२०१५). इंग्लंडमधली जुनी रानं म्हणजे आपोआप उगवलेली झाडी नसून तो लिहिलेल्या कागदांइतकाच विश्वासार्ह इतिहास आहे, हे पटवून देण्यात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कोणाचा असेल असं मला वाटत नाही. त्या कडं झालेल्या ॲशपाशी बाबांना जरूर न्या. वरून ती पोरसवदा झाडांची गर्दी दिसते. ती सगळी मिळून एकच झाड आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या पाहुण्यांना इथे हमखास एक धक्का बसतो: वाटेच्या कडेला कापलेल्या काठ्यांचे ढीग, उघडे खुंट, बोडका दिसणारा एखादा तुकडा. 'अभयारण्यात तोड कशी करतात?' हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पण इथल्या रानांचं विसाव्या शतकातलं नुकसान कापलेल्या झाडांमुळे झालं नाही. एक तर रानं मुळासकट उपटून शेतं केली गेली. ब्रॅडफील्डच्याच मंक्स पार्क वुडचा बराच भाग १९६०च्या दशकात असा गेला, उरलेलं १९७०च्या सुमारास लोकांनी धडपडून वाचवलं. आज सफक वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतं. दुसरं म्हणजे पहिल्या महायुद्धात लाकूड कमी पडलं म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं आलं आणि पुढे अनेक जुन्या रानांत देशी झाडं काढून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. तिसरं कारण फारसं कोणी बोलत नाही: कोळसा आणि गॅस आल्यावर काठीला गिऱ्हाईक उरलं नाही, तोड थांबली, रानं गच्च झाली आणि खाली अंधार पडला. जमिनीवरची फुलं त्या अंधारात संपत गेली.

फुलांसाठीच तर एप्रिलअखेर ही वेळ सोन्यासारखी आहे. ओक आणि ॲशला पूर्ण पालवी यायच्या आधी ऊन थेट जमिनीवर पोचतं, आणि रानफुलांना त्या थोड्या आठवड्यांतच सगळं उरकायचं असतं. आधी पांढरी वुड ॲनिमोनी, मग फिकट पिवळी ऑक्सलिप, मग निळी ब्लूबेल. ब्लूबेल तुम्हाला इतरत्रही दिसेल. जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी निम्म्याच्या आसपास ब्रिटनमध्येच असाव्यात असं मानतात. ऑक्सलिपचं तसं नाही. ती देशात मुख्यतः याच भागातल्या चिकणमातीच्या जुन्या रानांत उगवते, म्हणून मी तिच्यासाठी वाकून बघा म्हणेन. आणि ॲनिमोनीची चादर दिसली तर आईंना एवढंच सांगा, की हे झाडोरं शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरतं, असा हिशेब देतात. मुळांच्या जोरावर हळूहळू सरकतं, बियांवर त्याचा फारसा भरवसा नसतो. अशी चादर कालपरवाच्या लागवडीत होऊच शकत नाही. सन १६०० पासून सलग झाडीखाली राहिलेल्या जमिनीला इंग्लंडमध्ये 'एन्शंट वुडलंड' म्हणतात आणि ती ब्रिटनच्या भूभागाच्या अडीच टक्क्यांच्या आसपासच उरली आहे. जमिनीवरची फुलं हीच तिची ओळखपत्रं.

सगळ्यात जास्त फुलं कुठे? दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी कापलेल्या तुकड्यात. पहिल्या वर्षी माती उघडी दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात ती रंगांनी भरून जाते. त्यामुळे चालताना धुमाऱ्यांची उंची बघत चला: कमरेएवढे ते डोक्याएवढे असतील तिथे थांबा. तिथेच झुडपांच्या दाटीत नाइटिंगेल गाण्याची शक्यता असते. तो आफ्रिकेतून एप्रिलच्या मध्यानंतर येतो आणि दिवसाही गातो. त्याची संख्या गेल्या पन्नास वर्षांत फार घटली आहे, त्यामुळे ऐकू येईलच असं वचन देऊ नका.

काही तुकड्यांभोवती उंच जाळी किंवा फांद्यांचं कुंपण असेल. ते हरणांना आत येऊ न देण्यासाठी आहे. इथलं छोटं मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचं चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या खाजगी उद्यानात आणलं, तिथून सुटून सगळीकडे पसरलं. कोवळे धुमारे आणि ऑक्सलिप हे त्याचं आवडतं खाणं. खुंटाला सलग दोन वर्षं डोकं वर काढू दिलं नाही तर हजार वर्षांचं झाडही खचतं. भेकराचं भुंकणं बाबांच्या ओळखीचं असेल, संध्याकाळी इथेही तसंच कानावर पडतं.

आणि एक गोष्ट मनाला लागणारी आहे, ती आधीच सांगतो. शेंड्याकडून वाळत गेलेले ॲश तुम्हाला दिसतील. हा ॲश डायबॅक, बुरशीचा रोग. ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये आढळला. काही झाडं तग धरताहेत, त्यांच्यावरच आशा आहे. वाळलेल्या ॲशच्या फांद्या अवचित मोडून पडतात, म्हणून जोराच्या वाऱ्यात रानात शिरू नका आणि अशा झाडाखाली डबा खायला बसू नका.

आता व्यवहाराचं. जमीन चिकणमातीची आहे, एप्रिलमध्ये चिखल असतो. आईबाबांसाठी गमबूट घ्या, सुपरमार्केटमधले स्वस्तातलेही चालतील. पुण्याहून आणलेले चालायचे बूट पहिल्या वळणावरच भिजतील. गुडघे दुखत असतील तर हातात काठी हवीच. लांब विजार मोज्यांत खोचायला सांगा, कारण गोचीड असते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या रेषेशी बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा, आणि ते तोवर पुण्याला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. तिकडे ही शंका सहज मनात येत नाही.

वाट सोडून फुलांत उतरू नका, फोटोसाठीही नाही. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ती जागा सावरायला वर्षं लागतात. कंद उपटणं तर १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कोकणातली माणसं सोबत असतील तर अजून एक सूचना: वाटेकडेला हिरवट फणा उघडलेला लॉर्ड्स-अँड-लेडीज दिसेल, तो शेवळाच्याच कुळातला आहे आणि ते नातं चटकन ओळखू येतं. पण तो विषारी आहे. रानलसणाच्या पानांत त्याची कोवळी पानं मिसळून उगवतात, त्यामुळे चटणीसाठी पानं खुडायचा मोह झालाच तर आवरा. राखीव रानात तसंही खुडायचं नसतं.

आईबाबांना लांबचा प्रवास नको असेल तर हेली वुड जवळ पडेल, केंब्रिजच्या पश्चिमेला. तिथेही ऑक्सलिप आहे आणि रॅकहॅमने आयुष्यभर अभ्यासलेलं ते रान आहे. लंडनकडे कोणाकडे राहायला गेलात तर स्लाउजवळचं बर्नहॅम बीचेस बघा. तिथे झाडं जमिनीलगत न कापता डोक्याच्या उंचीवर कापायचे, म्हणजे गुरांना धुमारे खाता येऊ नयेत. त्यातून तयार झालेले फुगीर, पोकळ बुंध्यांचे शेकडो वर्षांचे बीच वृक्ष पाहण्यासारखे आहेत. ते रान १८८० मध्ये लंडन महापालिकेने विकत घेतलं म्हणून वाचलं. तिथे जायला मात्र ऑक्टोबरअखेर उत्तम, बीचची पानं तेव्हा तांबूस-सोनेरी होतात. इंटरनेटवर शेवाळलेल्या वेड्यावाकड्या ओकांचे जे फोटो दिसतात ते डार्टमूरवरचं विस्टमन्स वुड. गर्दीने तिथलं शेवाळ इतकं झिजलं आहे की आत पाऊल टाकू नका अशी विनंती केली जाते. ते बाहेरूनच बघा, किंवा यावेळी सोडून द्या.

तारखेचं म्हणाल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि मेचा पहिला, यांच्या मधला एखादा कामाचा दिवस धरा. मेचा पहिला सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असतो, तेव्हा गाडी लावायला जागा मिळणं अवघड. सकाळी साडेसात-आठला रानात पोचा, पक्षी तेव्हाच भरपूर ऐकू येतात. दोन-अडीच तास सावकाश फिरा आणि दुपारी बरी सेंट एडमंड्सला मठाच्या अवशेषांपाशी बाकावर बसून डबा खा. स्वच्छतागृहाची सोय गावातच धरून चला.