जुनी रिपॉझिटरी गळ्यात पडलीय, धोका कुठे ते कसं शोधू?

प्रश्न: दुसऱ्या टीमने लिहिलेला एक जुना प्रोजेक्ट आमच्याकडे आलाय. लिहिणारे बहुतेक सोडून गेलेत, डॉक्युमेंटेशन नावापुरतं. मी क्लॉक (cloc) हे कमांड लाइन टूल चालवून कुठल्या लँग्वेजच्या किती ओळी आहेत ते काढलं, पण मॅनेजर विचारतात धोका कुठल्या भागात आहे, ते यावरून कळत नाही. शिवाय कोणी किती काम केलं त्याचाही रिपोर्ट हवाय. कुठलं टूल घेऊ?

उत्तर: नवीन टूल घ्यायची गरज नाही, गिटच (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) पुरे आहे. क्लॉक कोडच्या, कॉमेंटच्या आणि रिकाम्या ओळी वेगवेगळ्या मोजून देतं, आकाराचा अंदाज येतो, पण दहा हजार ओळींची फाइल वर्षानुवर्षं कोणी उघडलीच नसेल तर तिची काळजी तूर्तास कशाला करायची? दुखतं तिथे माणसं पुन्हा पुन्हा हात घालतात, आणि ते हिस्टरीत, म्हणजे गिटने ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत दिसतं.

आधी एक बघा, क्लोन (तुमच्या मशीनवर घेतलेली प्रोजेक्टची प्रत) पूर्ण आहे ना? डेप्थ १ देऊन, म्हणजे फक्त शेवटची नोंद घेऊन केला असेल तर सगळा कोड एकाच कमिटमधे (एकदम नोंदवलेल्या बदलात) आल्यासारखा दिसतो आणि पुढचं सगळं विश्लेषण फुकट जातं. मग गिट लॉगला (कमिटची यादी दाखवणारी कमांड) सिन्स देऊन मागचं एक वर्ष घ्या, नेम-ओन्ली लावा, फॉरमॅट रिकामा ठेवा, म्हणजे फक्त फाइलींची नावं येतील. ती सॉर्टमधून, मग युनिक मायनस सी (प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजणारी कमांड) मधून आणि परत उलट्या सॉर्टमधून पाइप करा (एकीचं आउटपुट पुढचीला द्या), सगळ्यात जास्त वेळा बदललेल्या फाइली वर येतील. पहिल्यांदा सगळ्यात वर रिकामी ओळच दिसू शकते, कारण दोन कमिटच्या मधल्या मोकळ्या ओळीही मोजल्या जाऊ शकतात, तर ग्रेपने (ओळी गाळणारी कमांड) त्या आधीच काढा, आणि पॅकेजच्या लॉक फाइलीही (वापरलेल्या पॅकेजच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या) काढा, त्या आपोआप बदलत असतात. उरलेल्या पहिल्या वीसेक फाइली उघडून वाचा, खरंच वाचा, कारण बऱ्याचदा त्यात एखादी कॉन्फिगची साधी फाइल असते जी बदलते भरपूर पण धोका शून्य. मोठी, गुंतागुंतीची आणि सतत बदलणारी, हे तिन्ही जिथे जुळेल तो तुमचा धोका.

एखादी ओळ विचित्र वाटली की गिट ब्लेम (ती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) करा, मायनस डब्ल्यू लावून, म्हणजे नुसती स्पेस बदलणाऱ्याचं नाव येत नाही. कोणीतरी अख्खा प्रोजेक्ट फॉरमॅटरमधून (कोडची मांडणी आपोआप बदलणारं टूल) काढला असेल तर ती कमिट वगळायची सोय २०१९ पासून, म्हणजे गिट २.२३ पासून आहे. एखादं फंक्शन कधी आलं किंवा गायब झालं हे लॉगला मायनस कॅपिटल एस देऊन सापडतं, मला तरी ब्लेमपेक्षा हे जास्त उपयोगी वाटतं.

आता माणसांचा रिपोर्ट. गिट शॉर्टलॉगला मायनस एस एन दिलं की प्रत्येकाच्या कमिटचा आकडा येतो (स्क्रिप्टमधून चालवताना पुढे हेड (सध्याची शेवटची कमिट) लिहा, नाहीतर ते इनपुटची वाट बघतं आणि आउटपुट रिकामं येतं). एकच माणूस दोन ईमेलने दोनदा दिसत असेल तर मेलमॅप फाइलमधे जोडून टाका. पण हा आकडा कामाचं माप म्हणून मॅनेजरांना कृपा करून देऊ नका. कोणी दिवसभराचं काम एका कमिटमधे टाकतं, कोणी वीस करतं, आणि आठवडाभर बग शोधून एकच ओळ बदलणारा त्यात तळाला दिसतो. त्याऐवजी त्या धोक्याच्या फाइलींपुरता शॉर्टलॉग काढा आणि ज्या फाइलीत एकाच माणसाचं नाव आहे आणि तो माणूस सोडून गेलाय त्यांची यादी द्या, त्यावरून पुढच्या महिन्यात कोणी काय वाचून समजून घ्यायचं ते ठरवता येईल.