रिलॅक्स्ड फ्लॅग इंटेलवर चालतो, एआरएमवर का फसतो?

तुमचा कोड मला समजला तो असा: एक थ्रेड बफर भरतो आणि मग अ‍ॅटॉमिक फ्लॅग १ करतो, दुसरा थ्रेड फ्लॅग १ दिसला की बफर वाचतो. दोन्हीकडे रिलॅक्स्ड ऑर्डर, म्हणजे आजूबाजूच्या लेखन-वाचनाच्या क्रमाची काहीच हमी न मागणारा पर्याय. इंटेलवर सुरळीत, एआरएम बोर्डावर मात्र मधूनच बफरमधला जुना डेटा हाती येतो.

बोर्ड ठीक आहे, कोडच चुकलाय. अ‍ॅटॉमिक म्हणजे ते एक ऑपरेशन कुणाला अर्धवट दिसणार नाही, एवढंच. आजूबाजूच्या साध्या लोड-स्टोअरचा (मेमरीतून वाचणं आणि मेमरीत लिहिणं) क्रम पाळला जाईल ही हमी वेगळी मागावी लागते. इंटेल एका कोअरचे दोन साधे स्टोअर इतरांना उलट क्रमाने दिसू देत नाही, म्हणून तिथे झाकून गेलं. एआरएमवर ते बंधन नाही. आणि कंपायलर तर इंटेलवरही ओळी वरखाली करू शकतो.

फ्लॅग लिहिताना रिलीज लावा, म्हणजे आधीचं लेखन-वाचन फ्लॅगच्या मागे घसरणार नाही; वाचताना अ‍ॅक्वायर, म्हणजे नंतरचं लेखन-वाचन फ्लॅगच्या आधी सरकणार नाही. एकाच बाजूला लावून काही उपयोग नाही. ६४-बिट एआरएमवर कंपायलर त्याच्या साधारणपणे एसटीएलआर आणि एलडीएआर या इन्स्ट्रक्शन बनवतो. इंटेलवर दोन्ही साधे मूव्हच राहतात, म्हणजे तिथे जादा इन्स्ट्रक्शन लागत नाही. व्होलाटाइल हा कीवर्ड लावून बघू नका, सी आणि सी++ मध्ये ते या कामाचं नाही.

मग रिलॅक्स्ड वापरायचं कुठे? रेफरन्स काउंट घ्या, म्हणजे एक ऑब्जेक्ट किती जण वापरताहेत याचा आकडा; तो शून्य झाला की ऑब्जेक्ट डिलीट करायचा. वाढवताना रिलॅक्स्ड पुरतं, कारण वाढवणाऱ्याच्या हातात आधीच एक रेफरन्स असतो, ऑब्जेक्ट मरणार नाही. कमी करताना मात्र रिलीज हवं, आणि ज्याच्या हातून काउंट शून्य झाला त्याने डिलीटआधी अ‍ॅक्वायर फेन्स (कुठल्या व्हेरिएबलला न जोडलेली, फक्त क्रम राखणारी वेगळी ओळ) टाकायचा. नाहीतर दुसऱ्या थ्रेडने ऑब्जेक्टमध्ये केलेलं शेवटचं लेखन आणि तुमचं डिलीट यांची रेस होते, म्हणजे आधी कोण हे ठरलेलं राहत नाही. असा युक्तिवाद दोन वाक्यांत मांडता येत नसेल, तर सी++११ चा डीफॉल्ट, म्हणजे सीक्वेन्शियल कन्सिस्टन्सी (अशी सगळी ऑपरेशन सगळ्या थ्रेडना एकाच क्रमाने दिसतात), गुपचूप राहू द्यावा.

तुमची रेस इंटेलवरही पकडता येते: थ्रेड सॅनिटायझर (कंपायलरमधला, रेस शोधणारा तपासनीस) लावून चालवा. तो हार्डवेअरच्या कृपेवर न जाता सिंक्रोनायझेशनचे धागे जुळतात का ते बघतो. फक्त त्याला स्वतंत्र फेन्स कळत नाही, रेफरन्स काउंटच्या कोडवर तो उगाच ओरडेल. तिथे फेन्स काढून कमी करण्याच्या ऑपरेशनलाच अ‍ॅक्वायर-रिलीज देऊन टाका.