फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेची सतराव्या शतकातली छापील चित्रं कितपत खरी मानावीत?

बागेच्या आखणीपुरती बहुतांशी खरी माना, कारंज्यांच्या बाबतीत मात्र हातचं राखून. इस्राएल सिल्व्हेस्त्र, पेरेल बापलेक वगैरेंनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून ही चित्रं छापली. सिल्व्हेस्त्र चौदाव्या लुईच्या पदरी होता, म्हणजे राजाचा डामडौल चारचौघांत मिरवणं हेही कामात आलंच. म्हणून अशा चित्रांत सगळी कारंजी एकदम पूर्ण जोरात उडताना दिसतात. प्रत्यक्षात पाण्याची कायम ओढाताण. राजा फिरायला निघाला की कारंजी सांभाळणारे कामगार शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायचे, राजा येईपर्यंत तिथलं कारंजं सुरू, तो पुढे सरकला की मागचं बंद! काही चित्रांत तर बाग पक्ष्याच्या नजरेनं दिसते. तेवढ्या उंचीवर उभं राहायला जागाच नव्हती, ते नकाशावरून बेतलेलं.

तरी काही गोष्टी आज बघायच्या तर या चित्रांना पर्याय नाही:
- थेटिस या ग्रीक समुद्रदेवतेच्या नावाची कृत्रिम गुहा, १६८४ मध्ये पाडली.
- इसापच्या गोष्टींवरची ३९ कारंजी असलेला भूलभुलैया. सेबास्तियां लक्लेरची त्याची चित्रं १६७७ ची. अठराव्या शतकात तो मोडून तिथं राणीची बाग केली.

एक लक्षात ठेवा: त्याच पत्र्यांवरून नंतरही प्रती काढल्या गेल्या. त्यामुळे कागद नवा आणि त्यावरची बाग केव्हाच मोडलेली, असंही होऊ शकतं.