लोकांनी निकाल दिलाय, आता जगायचं कसं?

"मॅडम, कोर्टाच्या आधी लोकांनीच निकाल देऊन टाकलाय." खुनाच्या केसमध्ये अडकलेल्या घरांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. आरोपीच्या घरचे म्हणतात आणि ज्यांची लेक गेली तेही, कारण "पोरगी एवढ्या रात्री तिकडे गेलीच कशाला" हे त्यांनाही ऐकावं लागतं.

एक ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). धाकटा भाऊ एका मुलीच्या खुनात आरोपी. दारात कॅमेरे येऊन गेल्यापासून कपडे घरातच वाळत घालायचे, आईने भाजीला जाणं सोडलेलं. मोबाईलमध्ये चारशेच्या वर स्क्रीनशॉट, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकेका कमेंटला उत्तर देत बसायच्या. तीन सेशन त्यातच गेले. चौथ्यांदा मी फोन उलटा ठेवायला लावला नि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, त्याने केलं असेल?"

बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच, "माहीत नाही हो मॅडम. खरंच माहीत नाही." आणि रडल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा.

गाठ तिथे होती. शिव्या लागतातच, पण मला विचाराल तर माणूस जास्त खचतो तो सक्तीने, चार लोकांत एकतर "तो निर्दोष आहे" म्हणा नाहीतर "आमच्यासाठी तो मेला" म्हणा, "माहीत नाही" म्हणायला घरातसुद्धा जागा नाही. मी म्हटलं, माहीत नसतानाही बहीण म्हणून जेलमध्ये त्याला भेटायला जाता येतं, आणि जी गेली तिच्यासाठी रडताही येतं. नोएडाचं आरुषी प्रकरण आठवा, मे २००८ मध्ये त्या मुलीचा खून, आठवड्यात तिच्याच वडलांना अटक, चॅनेलवाल्यांना तेव्हाच सगळं कळलेलं. कोर्टाने २०१३ ला आईवडलांना जन्मठेप दिली आणि २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने सोडलं. कोर्टाला नऊ वर्षं लागली, तुम्हाला चार महिन्यांत कसं कळणार?

त्या रात्री त्या सलग सहा तास झोपल्या, हे मला अजून आठवतं.

तुमच्या घरावर अशी वेळ आली असेल तर पत्रकारांशी एकानेच बोला, तेही एवढंच, "केस कोर्टात आहे, आम्हाला बोलायचं नाही." मूल असेल तर शाळेतल्या बाईंना आपणहून जाऊन सांगा. कमेंटला उत्तर नको, वकिलाला न विचारता तर अजिबातच नको. तारखेच्या दिवशी टीव्ही बंद, काय झालं ते वकिलाच्या फोनवरून ऐका, आणि त्या दिवशी घरात कोणीतरी वेळेवर कुकर लावा.