केसॅन, केमेमलीक आणि स्लब डीबग एकाच कर्नलमध्ये चालतील का?

प्रश्न असा आहे : ड्रायव्हर तपासायला बांधलेल्या लिनक्स कर्नलमध्ये केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा), केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारा) आणि स्लब डीबग (मेमरीचे तुकडे वाटणाऱ्या स्लबची स्वतःची तपासणी) ही तिन्ही एकदम चालू केली तर ती एकमेकांविरुद्ध खोट्या तक्रारी करतील का? आणि केएमसॅनचा (काही न भरताच वापरलेली मेमरी पकडणाऱ्या साधनाचा) पर्याय कर्नल बांधण्याच्या मेनूत का दिसत नाही?

तिन्ही चालतात. खोट्या तक्रारी येऊ नयेत याची सोय कर्नलमध्येच आहे. केमालॉक या मेमरी मागायच्या फंक्शनकडे १०० बाइट मागितले की स्लब १२८चा तुकडा देतो. केसॅन दर ८ बाइटांमागे शॅडोचा, म्हणजे परवानगीच्या नोंदीचा, १ बाइट ठेवतो, त्यामुळे या तुकड्याच्या शॅडोत बारा शून्यं (आठही बाइट वापरता येतात), मग ०४ (पहिले चारच) आणि शेवटी तीनदा एफसी (मनाई) दिसतं. म्हणजे १०० बाइटांपुढे हात लावायचा नाही. पण केमेमलीककडे हाच तुकडा पूर्ण १२८ बाइटांचा म्हणून नोंदलेला असतो आणि पॉइंटर शोधताना तो शेवटपर्यंत वाचत जातो. केसॅनच्या दृष्टीने हा सरळ गुन्हा. म्हणून वाचनापुरता केमेमलीक स्वतःच्या टास्कसाठी केसॅनच्या तक्रारी बंद करतो. स्वतःच्या नोंदी तपासताना स्लबही तेच करतो.

तरीही तुमचा ड्रायव्हर डीएमए (डिव्हाइसने मेमरी थेट वापरणं) वापरत असेल, तर केसॅन बंद ठेवून फक्त स्लब डीबगचं एक वेगळं बिल्ड कराच. केसॅनची तपासणी कंपायलर कोडमध्ये पेरतो. डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिलं तर ते त्याला दिसतच नाही. तिथे स्लबचा रेडझोन (तुकड्याच्या कडेची राखीव पट्टी) आणि मोकळ्या मेमरीत भरलेला ६बी हा नमुनाच कामी येतो. नमुना बिघडलेला दिसला की कोणीतरी मागाहून लिहिलं, हे कळतं. (उशिरा कळतं, पण कळतं.) केसॅन चालू असताना मात्र सोडलेला तुकडा आधी क्वारंटाइनमध्ये (लगेच परत वाटू नये म्हणून थांबवलेल्या तुकड्यांच्या रांगेत) जातो आणि ६बी भरलं जातं ते तिथून सुटल्यावर. तेवढ्या वेळात डिव्हाइसने त्या तुकड्यात लिहिलेलं केसॅन आणि स्लब दोघांनाही सापडत नाही. शिवाय केसॅन स्वतःची माहिती सोडलेल्या तुकड्यातच ठेवतो. मागणी त्या माहितीपेक्षा लहान असेल, तर मागितलेल्या आकारापुढच्या जागेची रेडझोन तपासणी स्लब सोडून देतो.

केएमसॅनचं कारण साधं आहे. तो २०२२ साली कर्नल ६.१मध्ये आला, त्याला क्लॅंग हा कंपायलर लागतो, आणि केसॅन किंवा केसीसॅन (एकाच डेटावर एकाच वेळी होणाऱ्या वापराच्या चुका शोधणारा) निवडलेलं असेल तर तो मेनूत येतच नाही. त्याचंही बिल्ड वेगळंच. त्यात वाटप करताना किंवा सोडताना मेमरी शून्य करण्याचे पर्याय बंद ठेवा, नाहीतर जे शोधायचं तेच पुसलं जाईल.

आणखी एक, यात बरेच जण फसतात : केसॅन मुळात पहिलीच चूक छापतो आणि मग गप्प बसतो. लॉगमध्ये एकच तक्रार दिसली म्हणून बाकीचा ड्रायव्हर स्वच्छ समजू नका. बूटच्या ओळीत सगळ्या चुका छापायला लावणारा मल्टी-शॉटचा पर्याय घाला आणि चाचणी परत चालवा.