समाचार

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. उपासनेतली गाणी तू बसवतेस, सगळे कौतुक करतात, तरी हल्ली मन कोरडंच राहतं म्हणतेस. नव्या चाली शोधून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 58वा अध्याय काढ. तिथले लोकही उपास करतात आणि वर देवाकडेच तक्रार करतात, तुझं लक्ष कसं नाही? उत्तर रोकडं मिळतं: उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही मजुरांना राबवून घेता.

हे मला फार उशिरा उमगलं. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला नुकताच लागलो होतो. एका विधवा बाईंकडे सकाळी गेलो आणि चांगली लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तर बाई दाराकडे बघत होत्या. पायात चपला, हातात डबा. आमेन म्हणून लगबगीने निघाल्या. त्या दिवशी त्यांचा खाडा लागला, हे शेजारणीकडून कळलं. प्रार्थना माझी, मजुरी त्यांची गेली!

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात (1:27) शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ-विधवांचा संकटात समाचार घेणे, असं आहे. आपल्या भाषेत ‘समाचार घेणे’चा दुसरा अर्थही आहे, आणि गरिबाच्या दारात गेल्यावर आपण बऱ्याचदा तोच घेतो: काम का करत नाहीस, मुलं शाळेत का नाहीत!

करिंथ शहरातली सुरुवातीची मंडळी तर प्रभुभोजनालाच, येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणालाच, चुकली. ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घ्यायचे, बाकीचे उपाशी. प्रेषित पौलाने त्यांना लिहून टाकलं, हे प्रभुभोजनच नव्हे. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने हेच सुनावलं: ख्रिस्त भुकेला असताना त्याच्या मेजावर सोन्याचे पेले कशाला? आधी त्याला जेवू घाला, मग मेज सजवा. सजावटीला त्याची ना नव्हती, हे मला आवडतं. तेव्हा गाणी सोडू नकोस.

त्या बाईंकडे मी नंतरही जात राहिलो, पण वेळ त्यांना विचारून, संध्याकाळी. प्रार्थना पाच मिनिटं, बाकी त्या बोलायच्या.

आणि हो, मागच्या बाकावर एकटे बसणाऱ्या, फाटक्या कोटातल्या आजोबांबद्दल तू लिहिलंस, पण त्यांचं नाव लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका