गुरुवारी पुन्हा येणाऱ्या त्या दोन मुलांविषयी

नमस्कार. टेक्सासमधल्या अर्विंगला राहायला येऊन तुम्हाला जेमतेम दोन महिने झाले आहेत, आणि गेल्या आठवड्यात भर दुपारी पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी नावपट्टी लावलेली दोन मुले सायकलवरून तुमच्या दाराशी आली. तुम्ही घरात एकट्याच आहात हे कळल्यावर ती उंबऱ्याच्या आत आली नाहीत, चहाही नको म्हणाली. तुम्ही संकोचाने "बरं, पुढच्या गुरुवारी या" म्हणालात, आणि आता हे लोक कोण, त्यांना याचा पगार मिळतो का, आठवडाभर ते करतात तरी काय आणि ते खरोखरच येतील का, असे विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: येतील, आणि दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी येतील.

मी गेली अठरा वर्षे युटा राज्यात, प्रोव्होजवळ राहतो. मी त्यांच्या पंथाचा नाही आणि होण्याचा विचारही नाही. परंतु आमच्या गल्लीतील बहुतेक घरांतून एक तरी मूल मिशनवर, म्हणजे पंथाच्या प्रचारासाठी, जाऊन आले आहे. शेजारणीचा धाकटा मुलगा ओक्लाहोमात होता तेव्हा दर सोमवारी येणारे त्याचे पत्र ती मलाही पाठवीत असे. खाली जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्या पत्रांतले आहे.

ही मुले 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'ची. आपण त्यांना मॉर्मन म्हणतो, पण 2018 पासून हे नाव वापरू नये असा त्यांच्या चर्चचा आग्रह आहे. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात आणि 24 महिने राहतात, मुलींचा काळ 18 महिन्यांचा असतो. कोणत्या देशात वा गावात जायचे ते चर्च ठरवते. पगार मिळत नाही. उलट अमेरिकेतील मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते. 2020 च्या जुलैपासून ती 400 वरून 500 डॉलर झाली. दोन वर्षांचे 12 हजार डॉलर होतात, आणि आमच्या शेजारच्या मुलाने त्यासाठी शाळेत असल्यापासून लोकांच्या अंगणातले गवत कापून पैसे साठवले होते. नावपट्टीवर जे 'एल्डर' लिहिलेले असते त्याचा अर्थ वडीलधारा, आणि ती पट्टी लावणाऱ्याला अजून धड मिशाही फुटलेल्या नसतात, याची गंमत मला आजही वाटते.

त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच त्यांचा मोकळा दिवस असतो. त्याला ते पी-डे म्हणतात, म्हणजे तयारीचा दिवस. मोकळा म्हणजे संध्याकाळपर्यंतच. सहानंतर पुन्हा टाय बांधून बाहेर पडायचे. तेवढ्या वेळात कपडे धुणे, आठवड्याचा किराणा, केस कापणे, खोली झाडणे, जमले तर चर्चच्या हॉलमध्ये बास्केटबॉल, आणि घरच्यांना पत्र हे सगळे उरकायचे असते. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला बोलता येऊ लागले. आमच्या शेजारणीचा मोठा मुलगा जुन्या नियमात गेला होता आणि धाकटा नव्या. पहिल्याच्या वेळी ती मातृदिनाच्या आदल्या रात्री झोपत नसे; दुसऱ्याच्या वेळी सोमवारी फोन आला की ती पोळपाटावरचे पीठ तसेच टाकून धावे. धाकट्याच्या एका पत्रात अर्धे पान केवळ शर्टाच्या कॉलरवर होते: ओक्लाहोमाच्या उन्हात सायकल चालवून पांढऱ्या कॉलरला जी पिवळी कड येते, ती भांड्यांचा साबण लावून रात्रभर भिजत ठेवली की जाते, असा शोध त्याला लागला होता.

इतर दिवशी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे वाचन, आधी एकट्याने आणि नंतर जोडीदाराबरोबर. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे, रात्री नऊला परत यायचे, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून वेळांत थोडी लवचीकता आली आहे, पण साचा तोच. चित्रपट नाही, मैत्रीण नाही.

तथापि या सगळ्यांत कठीण काय, असे मला कोणी विचारले तर मी उन्हातली सायकल किंवा तोंडावर बंद होणारे दार सांगणार नाही. कठीण आहे ते एकटे न राहणे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, आणि त्याच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्याबाहेर जायचे नाही हा पहिला नियम. न्हाणीघर तेवढे सुटते. जोडीदार आपण निवडायचा नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात आणि कोण कोणाबरोबर, कोणत्या गावात, हे मिशनचे, म्हणजे त्या विभागाचे, अध्यक्ष ठरवतात. आमच्या शेजारच्या मुलाला एकदा असा जोडीदार मिळाला की जो जेवताना एक शब्द बोलत नसे आणि रात्री झोपेत बडबडत असे. सहा आठवडे दोघे एकाच खोलीत, एकाच गाडीत, एकाच बाकावर. त्या गाडीचाही एक नियम आहे: गाडी मागे घ्यायची असेल तेव्हा जोडीदाराने खाली उतरून, मागे उभे राहून हाताने इशारे करायचे. दुकानाच्या पार्किंगमध्ये टाय लावलेला एक मुलगा विमानतळावरच्या माणसासारखे हातवारे करताना दिसला तर ओळखावे. शेजारच्या मुलाने लिहिले होते, "आज आम्ही एकमेकांशी फक्त गाडी मागे घेताना बोललो."

तुमच्या दारात ती मुले थांबली तेही याच शिस्तीतले. घरात स्त्री एकटी असेल आणि दुसरा प्रौढ पुरुष नसेल तर मुलग्यांनी आत जायचे नाही. त्यात तुमचा अपमान नव्हता. चहाचे म्हणाल, तर 1833 पासूनच्या त्यांच्या पथ्यात दारू व तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. कोला चालतो, त्यामुळे आमच्या युटात चहाच्या टपरीची जागा सोड्याच्या दुकानांनी घेतली आहे. त्यात साय आणि सरबताचे पाक घालून लोक जे पितात ते मला अजून झेपलेले नाही.

मंगळवारी किंवा बुधवारी आसपासच्या दोन-चार जोड्यांची बैठक असते. किती जणांना भेटलो, किती जण रविवारी येणार, कोणाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली, याचा हिशेब तेथे द्यावा लागतो. आठवड्यातून एकदा दोघे बसून पुढचा आठवडा आखतात, आणि तुमचे "पुढच्या गुरुवारी या" नेमके तेथे पोहोचले आहे. आपल्याकडे "बघू", "या की एकदा", "पुढच्या आठवड्यात बोलू" ही नकाराचीच सभ्य रूपे आहेत आणि ऐकणाऱ्याला ती कळतात. आयडाहोत वाढलेल्या मुलाला ती कळत नाहीत. त्याने ते फोनमधल्या 'एरिया बुक'मध्ये तुमच्या घराच्या खुणेसह लिहून ठेवले आहे.

संध्याकाळचे जेवण बहुधा स्थानिक सभासदांकडे असते. चर्चमध्ये यादी फिरते आणि घरे आपापला दिवस लिहितात. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, अगदी तसेच. मीही दोनदा एक वार घेतला आहे. वरण-भात आणि बटाट्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली, आणि पुरणपोळीला एकाने गोड पराठा म्हटले ते मी सोडून दिले.

शनिवारी कोणाचे सामान हलवणे, कुंपण रंगवणे अशी कामे निघतात आणि बाप्तिस्मा असेल तर तोही बहुधा त्याच दिवशी. रविवार मात्र या आठवड्याचे खरे गाठोडे उघडण्याचा दिवस. सभा दोन तासांची असते, पाव आणि पाणी वाटले जाते; पण या दोघांचे लक्ष दाराकडे असते. येतो म्हणालेले चार जण येतात की नाही हे पाहत ते सुरुवातीचे गाणे संपेपर्यंत पार्किंगकडे तोंड करून उभे राहतात. शेजारणीच्या मुलाच्या पत्रांत "कोणीच आले नाही" हे वाक्य इतक्या वेळा होते की पुढे पुढे तो फक्त "शून्य" लिहू लागला. 2024 अखेर असे 74 हजारांवर मिशनरी जगभर होते आणि त्या वर्षी नव्याने दीक्षा घेतलेले 3 लाख 8 हजारांच्या घरात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला वर्षाला सरासरी जेमतेम चार माणसे येतात, आणि गाव जिथे चर्चला अनोळखी असेल तिथे त्याहूनही कमी. घराची ओढ लागून कामात मन नसलेल्याला ते 'ट्रंकी' म्हणतात. मनाने त्याने ट्रंक भरलेली असते. असे रविवार आठ-दहा झाले की कोणीही ट्रंकी होईल.

हे लोक भारतात येतात का, हेही तुम्ही विचारले आहे. आता बंगळूर आणि दिल्ली येथे त्यांची मिशने आहेत, पहिले 1993 चे. पण फार आधी, 1850 च्या दशकात, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरून पुण्यापर्यंत गेला होता, आणि तेथे त्याने मूठभर लोकांची मंडळीही उभी केली होती.

आता गुरुवारचे. चर्चा करायची इच्छा नसेल तर दारातच "आम्हांला यात रस नाही, कृपया यादीतून नाव काढा" असे साध्या शब्दांत सांगावे. "बघू" म्हणू नये. ते वाद घालणार नाहीत, आभार मानून पुढच्या दारी जातील. पतिराज घरी असतील आणि उत्सुकता असेल तर बसवून बोलायलाही हरकत नाही. कपाटे वर चढवायची राहिली असतील तर तेही सांगून पाहा, आनंदाने करतील. काहीही ठरवलेत तरी टेक्सासचे ऊन लक्षात घेऊन गार पाण्याच्या दोन बाटल्या काढून ठेवाव्यात. घरात कोकम असेल तर सरबत द्यावे, मात्र ते चहा नाही हे आधी सांगावे लागेल.